छोट्या विमानाने सुट्टीला जायचं, तर कुठे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे जायचं यावर आमच्या खानदानात दरवर्षी वाद होतो. पण तो मुरूड-जंजिरा की महाबळेश्वर, मामूंच्या घरी की चुलत्यांच्या घरी, एवढ्यापुरताच असतो. यंदाचा वाद निराळा आहे. माझी आपा आणि दुल्हाभाई जूनअखेर अमेरिकेला मुलाकडे जाणार आहेत. माझा हा भाचा मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला. जुलैमध्ये चार दिवस रजा काढून आई-वडिलांना तो स्वतः चालवत असलेल्या छोट्या विमानातून कुठेतरी नेणार आहे. कुठे, ते ठरलेलं नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले तीन आठवडे यापलीकडे दुसरा विषय नाही.

मी जाणार नाही. माझी शाळा १५ जूनला उघडते, आणि दहावीचं उर्दू अन् आठवीचं मराठी माझी वाट पाहत असतं. पण मत द्यायला तिकीट लागत नाही. शिवाय विमानात बसणारी माणसं माझी आहेत. म्हणून या विषयावर मिळेल ते वाचून काढलं, भाच्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं आणि माझं मत पक्कं झालं. ते असं : जिथे विमानाशिवायही जाता येतं आणि जिथून विमानाशिवायही परतता येतं, तेच ठिकाण निवडावं. सौंदर्य, फोटो, नाव हे सगळं त्यानंतर.

ग्रुपवर यावर पहिला शेरा आला तो असा, ‘मग विमान कशाला?’ प्रश्न वाजवी आहे. त्याचं उत्तर देण्याआधी ‘खासगी विमान’ या शब्दाने आपल्या मनात जे चित्र उभं राहतं, ते जरा पुसायला हवं. आपल्याला आठवतात ते उद्योगपती, सिनेनट आणि निवडणुकीच्या दिवसांत घिरट्या घालणारे पुढारी. भाचा चालवतो ते सेसना १७२. एक इंजिन, पुढे एक पंखा, चार आसनं. १९५६ पासून ही विमानं बनताहेत आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. इतकी संख्या दुसऱ्या कुठल्याच विमानाची नाही. हवेतल्या दुनियेतली ही अ‍ॅम्बॅसडर म्हणा ना. भाच्याचं स्वतःचं विमान नाही. एका क्लबाचं आहे, सभासद पाळीपाळीने वापरतात. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या थोडा वर. शौचालय नाही, हवाई सुंदरी नाही, आणि इंजिनाच्या आवाजामुळे कानावर हेडफोन चढवल्याशिवाय शेजारच्याशी बोलता येत नाही.

अमेरिकेत सर्वसामान्यांना वापरता येतील असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. त्यातल्या बहुतेकांवर नियंत्रण मनोरासुद्धा नाही. वैमानिक रेडिओवर एकमेकांना आपण कुठे आहोत ते सांगतात आणि उतरतात. भाच्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. अनेक छोट्या विमानतळांवर एक जुनीपुराणी मोटार उभी असते. परगावचा वैमानिक उतरला की किल्ली घ्यायची, गावात जेवून यायचं, गाडी परत लावायची आणि वापरलं तेवढं पेट्रोल भरायचं. भाडं नाही. मुसाफिराची अशी खातिरदारी आपल्याला ओळखीची वाटते, तिची अपेक्षा मात्र मी अमेरिकेकडून केली नव्हती.

आपल्याकडे हे नाही. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण क्लबातून विमान घेऊन घरच्या माणसांना तिथे घेऊन जाणारा मास्तर किंवा इंजिनिअर मला तरी माहीत नाही. त्यामुळे ग्रुपवरच्या बहुतेकांना हा प्रकार एकतर परीकथा वाटतो, नाहीतर पैशांची मस्ती.

मस्तीचा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. क्लब तासाला १६० डॉलर घेतो. जाऊन-येऊन साडेचार तास धरले तर ७२० डॉलर, म्हणजे आपल्या पैशांत साठ हजारांच्या घरात. तेच अंतर मोटारीने गेलं तर पेट्रोलला याच्या पासंगालाही लागणार नाही. आणखी एक गोष्ट भाच्याने स्वतःहून सांगितली. या विमानांच्या पेट्रोलमध्ये अजूनही शिसं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२३ साली ते आरोग्याला घातक असल्याचं अधिकृतपणे म्हटलं आहे. तेव्हा ‘इस्राफ आहे’ असं म्हणणाऱ्या आमच्या चाचूंना मी खोटं ठरवणार नाही. मात्र चाळीस वर्षांत ज्या आपाने स्वतःसाठी सोन्याची एक बांगडीसुद्धा घडवली नाही, तिला तिचा मुलगा एकदा स्वतःच्या हाताने आभाळात नेतो आहे. लग्नाच्या मांडवावर याच्या दहापट खर्च करणाऱ्यांनी तरी इथे हिशेब मांडू नये.

‘आपल्या लोकांना हे असले शौक कशाला’ असंही एकाने लिहिलं. त्याला मी हिजाब इम्तियाज अलींचं नाव सांगितलं. उर्दूच्या या लेखिकेने १९३६ साली लाहोरला विमान चालवण्याचा परवाना मिळवला. ‘अनारकली’ नाटकाचे लेखक इम्तियाज अली ताज हे तिचे पती. पतीचं नाव आपल्याला ठाऊक असतं आणि तिचं नसतं, हा वेगळ्या लेखाचा विषय. मुद्दा इतकाच की नव्वद वर्षांपूर्वी उर्दूत कथा लिहिणारी एक बाई विमान चालवत होती, तेव्हा ‘आपल्या लोकांना’ हा शब्द जरा जपून वापरावा.

आता ठिकाणांकडे वळू. ग्रुपवर चार नावं होती. कोलोरॅडोचे रॉकी पर्वत, नायगारा, राइट बंधूंनी जिथे पहिलं उड्डाण केलं ती नॉर्थ कॅरोलिनातली किनाऱ्यावरची जागा, आणि मिशिगनच्याच उत्तर टोकाजवळचं मॅकिनॉ बेट. बहुमत रॉकी पर्वतांकडे होतं. आपाचंही. तिने हिमालय पाहिलेला नाही, बर्फाचा डोंगर एकदा जवळून पाहायचा आहे, हे तिचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न.

छोट्या विमानाने जायचं ठिकाण निवडताना पहिला सवाल डोंगर की समुद्र हा नसून वजन किती, हा असतो. सेसनात चार आसनं आहेत याचा अर्थ चार माणसं, त्यांचं सामान आणि भरलेली टाकी हे सगळं एकदम चालतं असा नाही. माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण ४०० किलो ही हद्द. टाक्या भरल्या की इंधनाचेच सुमारे १४५ किलो होतात. उरले २५५. आता माणसं मोजा. भाचा ८२, सूनबाई ६०, दुल्हाभाई ८४. आपाने वजन सांगायला साफ नकार दिला आहे, तेव्हा सत्तर धरू. झाले २९६. म्हणजे एकही पिशवी न घेता हिशेब चुकला.

मग करायचं काय? टाक्या अर्ध्या भरायच्या. इंधन ७२ किलो, माणसं २९६, सामानाला राहिले ३२ किलो. बेरीज जुळली. पण अर्ध्या टाकीत विमान जेमतेम तीन तास हवेत राहतं. त्यातला अर्धा तास दिवसाच्या उड्डाणातही कायद्याने राखून ठेवायचा असतो. समोरून वारा आला की बाकीचंही आटतं. म्हणजे चौघांनी या विमानातून जायचं तर दोन तासांच्या पलीकडचं ठिकाण निवडण्यात अर्थ नाही, नाहीतर वाटेत उतरून इंधन भरायचं. वाटेत उतरणं वाईट नाही. दुल्हाभाईंना मधुमेह आहे, दर दीड तासाला त्यांना उतरावं लागणारच. ज्या विमानात शौचालय नाही त्याच्या प्रवासाचा आराखडा पोटऱ्या आणि मूत्राशय यांना विचारून करावा, हे ऐकायला गमतीचं वाटतं. साठीतल्या माणसाला नाही वाटत.

रॉकी पर्वत अ‍ॅन आर्बरपासून दीड हजार किलोमीटरच्याही पलीकडे आहेत. म्हणजे या विमानाने वाटेत थांबत जायला एक आख्खा दिवस, यायला एक. चार दिवसांतले दोन गेले. तरी हे मी दुय्यम धरते. खरी अडचण उंची. उन्हाळ्यात डोंगरावरची हवा विरळ असते, आणि तापली की आणखी विरळ होते. विमानाच्या पंखांना आणि इंजिनाला हवाच लागते. कोलोरॅडोतलं लेडव्हिल हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंचावरचा सार्वजनिक विमानतळ. त्याची उंची ९,९३४ फूट. तेवढ्या उंचीवर साध्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरते. मिशिगनमध्ये जे विमान सुरळीत उचलतं, तेच तिथे दुपारी धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडायला कुरकुर करू शकतं. लेडव्हिलला उतरणाऱ्या वैमानिकाला प्रमाणपत्र देतात म्हणे. ग्रुपवर त्याचा फोटो फिरला होता. आमच्या भाच्याचं आजवरचं सगळं शिक्षण मिशिगनच्या सपाट जमिनीवर झालं आहे. आई-वडिलांना मागे बसवून पहिल्यांदा डोंगर शिकायचा नसतो.

यावर ‘तुम्ही शिक्षक लोक घाबरवता’ असं उत्तर आलं. म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. ११ एप्रिल १९९६. जेसिका डब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक असे तिघे एका सेसनातून अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायला निघाले होते. मुलगी ‘सर्वांत लहान वैमानिक’ म्हणून गाजत होती, ठिकठिकाणी वार्ताहर वाट पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वायोमिंगमधल्या शायेन इथून ते निघाले. शायेन सहा हजार फुटांवर. समोर वादळ येत होतं. विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन होतं. उड्डाणानंतर काही क्षणांत विमान कोसळलं आणि तिघेही गेले. चौकशी अहवालात वजन आणि उंचावरची विरळ हवा यांच्या जोडीला आणखी एक कारण नोंदवलं आहे. ते म्हणजे वार्ताहरांना दिलेल्या वेळा पाळण्याची घाई.

ही घाई माझ्या लेखाचा गाभा आहे. छोटं विमान स्वतःहून धोक्यात जात नाही, त्याला कुणीतरी नेतं. आणि नेणारा बहुतेकदा मूर्ख नसतो. त्याला कुठेतरी वेळेत पोहोचायचं असतं, एवढंच.

दुसरं उदाहरण तर उन्हाळी सहलीचंच आहे. १६ जुलै १९९९ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन एफ. केनेडी ज्युनिअर न्यू जर्सीहून आपलं पायपर साराटोगा घेऊन निघाला. सोबत पत्नी आणि मेहुणी. मेहुणीला मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर सोडायचं आणि पुढे नात्यातल्या एका लग्नाला पोहोचायचं. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. निघायला उशीर होत गेला आणि विमान उडालं तेव्हा सूर्य मावळला होता. फक्त उपकरणांच्या भरवशावर उडण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. हवा धुकट, खाली काळं पाणी, क्षितिज दिसेनासं झालेलं. अशा वेळी कान आणि शरीर माणसाला फसवतात. विमान वळतंय तरी सरळ चाललंय असं वाटतं. विमान समुद्रात गेलं आणि तिघेही गेले. दिशाभ्रम, असा चौकशीचा निष्कर्ष होता. तो दिवस शुक्रवार होता. शनिवारी सकाळी निघाला असता तरी लग्न चुकलं असतंच असं नाही.

आता आपलं बघा. आपाचं आणि दुल्हाभाईंचं परतीचं तिकीट ठरलेलं. भाच्याची रजा चार दिवसांची. हॉटेलचे पैसे आधी भरलेले. आई-वडील पुन्हा येतील की नाही कुणाला ठाऊक, हा विचार प्रत्येक मुलाच्या मनात असतो, तो बोलत नाही इतकंच. एवढं सगळं डोक्यावर असताना सकाळी क्षितिजावर काळा ढग दिसला, तर ‘आज नको’ हे दोन शब्द उच्चारायला किती जड जातील? हे शब्द हलके करण्याची सोय ठिकाण निवडतानाच करून ठेवावी लागते. रॉकी पर्वतांत अडकलात तर घर मोटारीने दोन दिवसांवर. मग माणूस ढगाशी वाटाघाटी करायला लागतो.

नायगाराचं थोडक्यात सांगते. अंतर ठीक आहे, पण सरळ रेषेत गेलं तर मध्ये कॅनडा. हवामानामुळे तिथे उतरावं लागलं तर आपा आणि दुल्हाभाईंकडे कॅनडाचा व्हिसा नाही. नायगाराला मोटारीने किंवा बसने जावं, हजारो लोक जातात. राइट बंधूंच्या जागेचं मला स्वतःला फार आकर्षण आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी १२ सेकंद आणि १२० फूट एवढंच ते पहिलं उड्डाण, आणि आज तिथेच शेजारी छोट्या विमानांसाठी धावपट्टी आहे. पण ती जेमतेम तीन हजार फुटांची, तिथे इंधन मिळत नाही, रात्रीचे दिवे नाहीत. वाटेत अ‍ॅपलाचियन डोंगर, आणि अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. भाच्याने एकट्याने किंवा क्लबातल्या अनुभवी मित्राबरोबर पुढच्या वर्षी जावं. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला जुलैअखेर विमानांचा मोठा मेळा भरतो, हजारो विमानं उतरतात, लोक पंखाखाली तंबू ठोकून राहतात, तिकडेही त्याचा डोळा आहे. तिथेही जावं. दुल्हाभाईंचे गुडघे तंबूत वाकायचे नाहीत.

राहिलं मॅकिनॉ. इंग्रजीत शेवटी सी लिहितात, पण बोलताना तो गिळतात. मुलांना इमला शिकवणाऱ्या बाईला अशी नावं लगेच आपली वाटतात. ह्युरॉन सरोवरातलं हे लहानसं बेट. भोवतीचा रस्ता १३ किलोमीटर. १८९८ पासून तिथे मोटारींना बंदी आहे. घोडागाड्या, सायकली आणि पायी, एवढीच वाहतूक. आपण याला एका शब्दात समजू शकतो, माथेरान. फरक इतका की माथेरानच्या भोवती दऱ्या आहेत आणि याच्या भोवती पाणी. आणि दुसरा फरक असा की या बेटाच्या मधोमध झाडीत साडेतीन हजार फुटांची धावपट्टी आहे. विमानातून उतरलं की गावात न्यायला घोड्यांची टॅक्सी येते. जगात कितीशा ठिकाणी माणूस विमानातून उतरून थेट टांग्यात बसत असेल? आपाच्या बर्फाच्या डोंगराची भरपाई याने होणार नाही, हे मान्य. पण चिपळूणला टांगे बंद झाल्याची हळहळ तिला अजून आहे.

अ‍ॅन आर्बरहून विमानाने दोन तास. वाटेत गेलॉर्डला उतरून पाय मोकळे करता येतात. मोटारीने गेलात तर साडेचार तास, मग वीसेक मिनिटांची बोट. म्हणजे विमानाने वाचतात फार तर दोन-अडीच तास. ग्रुपवर हेच मॅकिनॉच्या विरोधात सांगितलं गेलं, ‘एवढ्याशा अंतराला विमान?’ माझ्या लेखी हीच त्याची सर्वांत मोठी खूबी. विमान रद्द झालं तर सहल रद्द होत नाही. मुलाला वडिलांसमोर मान खाली घालायची वेळ येत नाही. गाडी काढायची आणि निघायचं. आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. विमान पोहोचण्यासाठी नको आहे. वरून मिशिगनची शेतं, तळी, आणि शेवटी दोन महासरोवरांच्या सामुद्रधुनीवरचा १९५७ साली खुला झालेला आठ किलोमीटर लांबीचा पूल बघण्यासाठी हवं आहे. बघण्यासाठी जायचं असेल तर दिवस चांगला असायलाच हवा. ढगांत काय बघणार?

यातून वजनाचंही कोडं सुटतं. सूनबाईंना तसाही छोट्या विमानात मळमळतं, असं तिने मला खासगीत सांगितलं आहे (आता खासगी राहिलं नाही). तिने सामान घेऊन मोटारीने पुढे जावं. विमानात तिघेच, ८२, ८४ आणि ते सत्तर. २३६ किलो. टाक्या पूर्ण भरल्या तरी ३८१. हद्दीच्या आत. अर्ध्या तासाच्या उरलेल्या इंधनावर जीव टांगून ठेवायची गरज नाही. वर मोटार पैलतीरावर उभी असल्यामुळे परतीच्या दिवशी हवा बिघडली तर चौघेही तिने परततील, आणि विमान बेटावर किंवा जवळच्या पेल्स्टन विमानतळावर दोरांनी बांधून ठेवून भाचा पुढच्या शनिवार-रविवारी आणायला जाईल. त्याचं पार्किंगचं भाडं पडेल. पडू दे. एरवी तवक्कल म्हटलं की उंट बांधण्याची गोष्ट आपण सांगतो. इथे खरोखरच दोर आहे आणि जमिनीत कड्या आहेत.

निघायची वेळ सकाळची. जुलैमध्ये तिकडे सहाच्या सुमारास उजाडतं. फजर पढून, नाश्ता करून सातला निघालं तर नऊ-सव्वानऊला बेटावर. दुपारी हवा तापली की छोटं विमान खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या टेम्पोसारखं उसळतं आणि वादळी ढगही साधारण दुपारीच चढतात. अशा ढगापासून निदान वीस मैल लांब राहा, असं वैमानिकांना शिकवतात. सकाळी सरोवरावर धुकं असलं तर ते विरेपर्यंत गेलॉर्डला चहा प्यावा. संध्याकाळचं उड्डाण नकोच. सूर्य तिकडे साडेनऊच्या आसपास मावळतो, त्यामुळे ‘अजून खूप उजेड आहे’ असं वाटत राहतं आणि उशीर होत जातो. बेटावर खाण्याची चिंता नको. सरोवरातला व्हाइटफिश तिथे जागोजाग मिळतो आणि कोकणी माणसाला मासा मिळाला की बाकीचं निभावतं. तिथल्या फज नावाच्या मिठाईपासून दुल्हाभाईंना मात्र लांब ठेवावं.

दुल्हाभाईंचं या सगळ्यावर काय मत, हे ग्रुपवर कुणी विचारलं नव्हतं. मी फोन करून विचारलं. त्यांनी ३१ वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात. जुलैच्या पावसात, रात्री, पन्नास माणसं मागे घेऊन. ते म्हणाले, दरड येण्याच्या भीतीने गाडी पायथ्याला थांबवली की पहिली पाच मिनिटं सगळे गप्प असतात. मग एकजण घड्याळ बघतो. मग दुसरा म्हणतो, ‘ड्रायव्हरसाहेब, समोरून तर गाड्या येतायत.’ मग कुणाची तरी परीक्षा असते, कुणाचं मयतीला जाणं असतं, आणि ती कारणं खरी असतात. गाडीत ‘चालकाशी बोलू नये’ असं लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. मी विचारलं, मग तुम्ही काय करायचा? म्हणाले, ‘खाली उतरून टायर बघत बसायचो. आत बसलो असतो तर ऐकावं लागलं असतं.’

विमानातून खाली उतरून टायर बघता येत नाही. म्हणून मी भाच्याला आणखी एक गोष्ट सुचवली, आणि ती त्याने मान्य केली आहे. जायचं की नाही हा निर्णय आदल्या रात्री आणि सकाळी, असा दोनदा, त्याने एकट्याने घ्यायचा. कुणाला कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. आपाने ‘इतकं लांबून आले रे’ म्हणायचं नाही. ग्रुपवर त्या दिवशी ‘पोहोचलात का?’ असा एकही मेसेज टाकायचा नाही. हे शेवटचं आमच्या खानदानाला सर्वांत कठीण जाणार, पण बघू. कायद्यानेही तो कुणाकडून भाडं घेऊ शकत नाही, फार तर सगळ्यांनी खर्चाचा आपापला हिस्सा द्यायचा आणि त्यानेही त्याचा भरायचा. चाचू हौसेने सगळा खर्च द्यायला निघाले होते. दिला असता तर सकाळी सातला फोन करून विमान सुटलं का, हेही त्यांनीच विचारलं असतं.

बर्फाच्या डोंगराचं म्हणाल तर, आपाला मी सांगितलं आहे की परत आल्यावर दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघी रेल्वेने हिमाचलला जाऊ. तिने विचारलं, कन्फर्म तिकीट मिळेल का? ते मात्र आत्तापासूनच बघावं लागेल.